क्वाड ईएसएल: ईएचटीचा जुना ठोकळा पुन्हा भरायचा की नवा बोर्ड बसवायचा?

क्वाड या इंग्लिश कंपनीच्या जुन्या ईएसएल, म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरच्या जोडीतला एक बारीक वाजू लागला आणि गाणारा मधून सरकून एका बाजूला गेला, की पहिली शंका पॅनेलवर, म्हणजे आवाज काढणाऱ्या ताणलेल्या पातळ पडद्यावर, येते. पॅनेल बदलणं महागात जातं, म्हणून धस्स होतं. पण बऱ्याचदा पॅनेल ठणठणीत असतं आणि त्याला सतत मिळणारा हाय व्होल्टेज डीसी, म्हणजे बायस, उतरलेला असतो. हे स्पीकर 1957 पासून 1985 पर्यंत बनत होते, म्हणजे सगळ्यात तरुण जोडीनेही आता चाळिशी ओलांडली आहे. बायस पुरवणारा भाग म्हणजे ईएचटी, आणि त्यात व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवणारी डायोड-कपॅसिटरची साखळी म्हणजे शिडी. एवढ्या काळात या शिडीतले डायोड गळू लागतात, कपॅसिटरचं इन्सुलेशन कमजोर होतं, आणि बासच्या पॅनेलला जिथे 6 किलोव्होल्ट आणि ट्रेबलला दीड किलोव्होल्ट मिळायला हवेत तिथे बरेच कमी पोचतात. आवाज बायसच्या प्रमाणात चढतो-उतरतो, त्यामुळे ही घट कानाला लगेच कळते.

इथून पुढे दोन वाटा आहेत. एक, मूळ ठोकळा उघडून शिडी नव्या डायोड-कपॅसिटरनी पुन्हा बांधायची आणि पुन्हा मेणात बसवायची. दोन, बाहेरून येणारा तयार बोर्ड घ्यायचा, जुना ठोकळा काढून ठेवायचा आणि त्या जागी हा स्क्रूने आवळायचा. मी दोन्ही केलं आहे. आज माझ्या स्पीकरमध्ये काय आहे ते पुढे येईलच. पण बोर्ड वाईट असं माझं म्हणणं नाही, आणि काही घरांत मी तोच घ्या म्हणेन.

बोर्डाच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा म्हणजे लाइनचा दाब, म्हणजे घरात येणाऱ्या विजेचं व्होल्टेज. मूळ ईएचटीला रेग्युलेशन नाही. ट्रान्सफॉर्मर, त्यापुढे शिडी, बस्स. लाइन दहा टक्के पडली की बायसही दहा टक्के पडतो. इंग्लंडमध्ये याची फिकीर कुणाला करावी लागली नसेल, पण आपल्याकडे संध्याकाळी सगळ्या इमारतीचे एसी सुरू झाले की फरक पडतो, आणि गाणं ऐकायची वेळ नेमकी तीच. नवा बोर्ड आतल्या आत दाब स्थिर ठेवतो. त्यामुळे दोन्ही स्पीकर दिवसभर सारखे वाजतात आणि डावं-उजवं जुळवायची कटकट उरत नाही. जुन्या पद्धतीत राहायचं तर चांगला सर्व्हो स्टॅबिलायझर लागतो. रिलेवाला नको, कारण तो टप्प्याटप्प्याने दाब बदलतो आणि प्रत्येक टप्प्याला खटकाही ऐकवतो.

बसवायला बोर्ड अर्थातच सोपा. जुना ठोकळा म्हणजे मेणाने भरलेला डबा. हेअर ड्रायरने हळूहळू गरम करत ते मेण काढणं हे चिकट आणि वेळखाऊ काम आहे. शिडी मात्र बांधायला अवघड नाही. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी 1932 साली केंब्रिजमध्ये अणू फोडायला जी रचना वापरली तीच ही. क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर यांचा कारखाना हंटिंग्डनला, म्हणजे केंब्रिजच्या शेजारीच होता, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. डायोड निवडताना एवढं बघा की प्रत्येक डायोडवर येणाऱ्या एसीच्या शिखराच्या दुप्पट उलटा दाब पडतो. लॅमिंग्टन रोडला मूठभर मिळणारा 1एन4007 हजार व्होल्टचा आहे; इथे तो एकटा लावू नका. जास्त दाबाचे डायोड शोधा आणि कमी गळतीचे शोधा, कारण या शिडीतून वाहणारा करंट मायक्रोॲम्पिअरमध्ये मोजायचा असतो. डायोडच तेवढा गळत असेल तर पॅनेलला काय उरणार?

मोजण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण अनेक जण इथेच फसून नसता खर्च करतात. साध्या मल्टिमीटरने ईएचटी मोजू नका. व्होल्टेज त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे हे एक कारण. दुसरं असं की त्याचा 10 मेगओहमचा इनपुट या शिडीवर एवढा भार टाकतो की दाब तिथेच बसतो आणि चांगला ईएचटीही मेल्यासारखा दिसतो. गिगाओहमचा हाय व्होल्टेज प्रोब हवा. तो नसेल तर माझी साधी पद्धत: अँप मोनोवर ठेवायचा, एकच आवाज दोन्ही स्पीकरना द्यायचा आणि बरोबर मध्ये बसायचं. आवाज नाकासमोर आला तर दोन्ही बायस जुळले. काम करताना प्लग काढा, मोठ्या रेझिस्टरमधून चार्ज जमिनीला उतरवा आणि मगच हात घाला. अँप चालू असताना ऑडिओ ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीजवळ तर अजिबात जाऊ नका. ईएचटीत निदान करंट नसतो, तिथे असतो.

आवाजाचं म्हणाल तर दोन्ही ईएचटी नीट चालत असताना मला फरक ऐकू आला नाही. बायस म्हणजे डीसी. तो पुरेसा आणि शांत असला की झालं. बोर्डात स्विचिंग असतं म्हणून आवाज ‘कडक’ होतो असं काही मंडळी सांगतात. त्यांचे कान माझ्यापेक्षा तयार असतील, मला तसं जाणवलं नाही.

मग निर्णय कशावर झाला? एका टिकेवर. टिक… आणि थोड्या वेळाने पुन्हा टिक.

मी ठाण्याला राहतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडची हवा कशी असते हे खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यापर्यंत बोर्ड निर्दोष चालला. पहिल्या सरींनंतर डाव्या स्पीकरमधून टिक ऐकू येऊ लागली. पॉप, ऑर्केस्ट्रा, बातम्या यांत ती कळायचीही नाही. पण तानपुरे जुळले आहेत, विलंबित ख्याल नुकताच सुरू होतोय, किशोरीताई एका सुरावर थांबल्या आहेत, आणि त्या सुराच्या पोटात ही टिक. ईएसएल माणूस घेतो ते नेमकं अशा जागांसाठी. तिथेच ती टोचत असेल तर बाकीचे गुण माझ्या दृष्टीने मागे पडतात.

पॅनेलवरही संशय होता, कारण धूळ बसलेलं पॅनेलही असंच टिकटिकतं. म्हणून पॅनेलकडे जाणाऱ्या वायरी सोडवून त्यांची टोकं नीट इन्सुलेट केली आणि नुसता बोर्ड चालू ठेवला. टिक तशीच. खोलीत अंधार करून लांबून पाहिलं, तेव्हा शेवटच्या टप्प्याच्या एका सोल्डरच्या टोकावर मोहरीएवढा जांभळट ठिपका दिसत होता. टिक झाली की तो विझायचा आणि पुन्हा उगवायचा. कारण उघड आहे. 6 किलोव्होल्टची उघडी पट्टी हवेतली धूळ ओढून घेते, पावसाळ्यात तीच धूळ ओलसर होते आणि बोर्डाच्या पृष्ठभागावरून चार्जला वाट मिळते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून पुसलं, सोल्डरची टोकं पुन्हा वितळवून गोल केली, वर हाय व्होल्टेज वार्निश चढवलं. प्रत्येक उपायाने काही काळ शांतता मिळाली आणि जोराचा पाऊस लागला की पाहुणा परत.

बोर्डच मेणात बुडवावा असं सुचवणारे भेटतील. माझं मत सावध आहे: त्यावरचे भाग गरम होतात, आणि मेणाने भरलेला बोर्ड बिघडला तर दुरुस्तीला घेणार कोण? सिलिकोन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं लावू नका, त्याने तांबं खराब होतं.

त्यानंतर मी जुना ठोकळाच पुन्हा भरला. नवी शिडी, सांधे गोल आणि गुळगुळीत, आणि मधमाश्यांचं मेण व पॅराफिन यांचं मिश्रण. गरम पाण्यात भांडं ठेवूनच ते वितळवायचं, थेट आचेवर कधीही नाही. डबाही आधी कोमट करून घ्यायचा आणि मेण एका कोपऱ्यातून बारीक धारेने सोडायचं, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने निघून जाते. आत राहिलेला बुडबुडा म्हणजे उद्याच्या टिकेची जागा. निवताना मेण मध्ये खचतं. तिथे पुन्हा थोडं ओतायचं. एवढं धीराने केलं की हवेचा आणि शिडीचा संबंधच संपतो. तेव्हापासून पावसाळ्यातही माझा तानपुरा अखंड वाजतो.

तुमचं घर पुण्याच्या किंवा नाशिकच्या कोरड्या भागात असेल, स्पीकर एसीच्या खोलीत असतील, किंवा तुम्ही हिवाळाभर हीटिंग चालणाऱ्या देशात राहत असाल, तर ही टिक कदाचित तुमच्या वाट्याला कधीच येणार नाही. तिथे बोर्डाचं रेग्युलेशन आणि वाचलेला वेळ जास्त मोलाचा ठरू शकेल. मुंबई, कोकण, गोवा इथल्या वाचकांनी मात्र मेणाचा विचार आधी करावा असं मला मनापासून वाटतं. जुन्याला स्टॅबिलायझर जोडता येतो. नव्याला आपली हवा बदलून देता येत नाही.

आता क्लॅम्पबद्दल, म्हणजे सिग्नलला ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणाऱ्या सर्किटबद्दल, थोडक्यात. या स्पीकरला 33 व्होल्टच्या शिखरापलीकडे सिग्नल गेला तर ट्रेबल पॅनेलमध्ये ठिणगी पडते आणि ते जातं. क्वाडचाच 303 अँप वापरत असाल तर काळजीचं कारण नाही, ताकदवान अँप असेल तर इनपुटला क्लॅम्प बोर्ड हवाच, आणि तोही ईएचटी सुधारायच्या आधी. तो कमी दाबाच्या बाजूला बसतो, त्यामुळे तिथे तयार बोर्ड घ्यायला माझी काहीच हरकत नाही.

आणि ईएचटीचं काम कुठल्याही पद्धतीने करा, जोडीचं एकदम करा. एकाच बाजूचा बायस पूर्ववत झाला तर मधला गाणारा आता दुसऱ्या बाजूला सरकेल.