जीडीबी-मल्टीआर्च: ३२ बिट, ६४ बिट, बिग, लिटल, सगळ्यांना एकच डीबगर

माझं काम राउटरच्या फर्मवेअरचं. टेबलावर ६४ बिटांचं लिटल एंडियन (आकड्याचा सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी ठेवणारं) मशीन, आणि तपासायचा असतो तो ३२ बिटांचा बिग एंडियन (सर्वांत जास्त किमतीचा बाइट आधी) मिप्स प्रोसेसरवरचा प्रोग्रॅम. प्रत्येक बोर्डासाठी वेगळा डीबगर (चालू प्रोग्रॅम थांबवून आत बघायचं साधन) सांभाळण्यापेक्षा जीडीबी-मल्टीआर्च घेतला आणि आता रोज तोच चालतो. डेबियन-उबंटूत तयार पॅकेज आहे, फुकट.

मनापासून आवडलं ते हे, की तो स्वतःच्या मशीनची मापं समोरच्या प्रोग्रॅमवर लादत नाही. ईएलएफ फाइल (लिनक्सवरच्या तयार प्रोग्रॅमची फाइल) दिली की हेडरचा पाचवा बाइट (१ म्हणजे ३२ बिट, २ म्हणजे ६४) आणि सहावा (१ लिटल, २ बिग) वाचून हिशेब ठरवतो. सी भाषेतल्या लाँग या पूर्णांकाचा साइझऑफ (बाइटांतला आकार) विचारा: ३२ बिट मिप्सच्या फाइलवर ४, ६४ बिट लिनक्सच्या फाइलवर ८. एक इंट आणि पाठोपाठ एक लाँग असं स्ट्रक्चर ‘पीटाइप स्लॅश ओ’ या कमांडने बघा. पहिल्या फाइलमध्ये लाँग ४ वर सुरू होतो. दुसऱ्यात ८ वर, मधलं ४ बाइटांचं रिकामं भोकही दाखवतो. स्ट्रक्चर जसंच्या तसं नेटवर्कवर ढकलणाऱ्या कोडचा घोळ इथेच पकडला जातो.

फाइल नसेल आणि पलीकडचा स्टबही (बोर्डाच्या बाजूने डीबगरशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) स्वतःची ओळख देत नसेल, तर मात्र सगळं आपण सांगायचं. मेमरीत पॅकेटची लांबी ०० ०० ०१ ०० अशी पडलेली असते, म्हणजे २५६. डीबगर लिटल धरून बसला तर ६५,५३६ दाखवतो, आणि आपण नसलेला बफर ओव्हरफ्लो (राखलेल्या जागेबाहेर डेटा लिहिला जाण्याचा दोष) शोधत बसतो. ‘सेट आर्किटेक्चर मिप्स’, ‘सेट एंडियन बिग’ हे जोडणी करण्याआधीच द्या. शंका आली की मेमरी एकेक बाइट करून बघा, तिथे क्रमाचा प्रश्नच येत नाही.

तक्रार एकच. डीबगर ३२ बिट समजत असताना समोरून ६४ बिटांचे रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या जागा) आले की ‘रिमोट जी पॅकेट रिप्लाय इज टू लाँग’ (उत्तर फार लांब आहे) असं म्हणून थांबतो. आर्किटेक्चर चुकलंय, हे नव्या माणसाला त्यातून कसं कळणार? हा मेसेज सुधारायलाच हवा.

जीडीबीला जोडायच्या पायथन स्क्रिप्ट वापरणार असाल तर त्या आधी उघडून बघा. पॉइंटर ८ बाइटांचाच असं गृहीत धरून लिहिलेल्या बऱ्याच सापडतात, आणि जीडीबीने नीट सांभाळलेलं सगळं त्या बिघडवतात. आकार टार्गेटच्या (तपासायच्या प्रोग्रॅमच्या) टाइपकडूनच विचारून घ्या.