काँगची बससहल: मार्गदर्शक चांगला, वेळेचे वाटप चुकलेले

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे शहरातून सकाळी सुटणाऱ्या आणि कॉनेमारा या डोंगर-सरोवरांच्या प्रदेशाचा फेरा मारून संध्याकाळी परतणाऱ्या एका दिवसभराच्या बससहलीविषयी हा अभिप्राय आहे. बस स्वच्छ होती, वेळापत्रक काटेकोरपणे पाळले गेले आणि चालकच मार्गदर्शकाचे काम करत असूनही त्याच्या बोलण्यात कुठे कंटाळा जाणवला नाही. तक्रार आहे ती काँग या छोट्याशा गावाच्या वाट्याला आलेल्या अपुऱ्या वेळेबद्दल, आणि त्याहूनही अधिक, तो वेळ कशावर खर्च झाला याबद्दल.

काँग हे मेयो आणि गॉलवे या दोन काउंटींच्या (जिल्ह्यांच्या) सीमेवर, उत्तरेचे मास्क सरोवर आणि दक्षिणेचे कॉरिब सरोवर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले आहे. ही पट्टी चुनखडीची, भेगा आणि पोकळ्यांनी भरलेली असल्यामुळे मास्क सरोवराचे पाणी जमिनीखालून वाहत येते आणि काँगमध्ये एकदम वर उसळते. गावाभोवती जिकडे पाहावे तिकडे पाणी दिसते ते त्यामुळे. काँगचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात या पाण्यापासून व्हायला हवी. आमच्या सहलीत मात्र त्याचा उल्लेखही झाला नाही.

त्याऐवजी बहुतेक वेळ गेला तो चित्रपटात. हॉलिवूडचे दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनी 1951 च्या उन्हाळ्यात ‘द क्वाएट मॅन’चे चित्रीकरण या परिसरात केले, पुढच्या वर्षी तो प्रदर्शित झाला आणि फोर्ड यांना त्यासाठी दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. चित्रपटाचे नायक जॉन वेन यांनी नायिका मॉरीन ओ’हारा यांना दोन्ही हातांवर उचलून घेतल्याचा पुतळा गावात आहे, आणि त्याच्यासमोर छायाचित्रासाठी रांग लागते. चित्रपटाचे आकर्षण समजण्यासारखे आहे. पण ज्या पबच्या दर्शनी भागासमोर सगळे उभे राहतात, तिथे चित्रीकरणाच्या काळी पब नव्हता, दुकान होते. आणि गावातली गवताने शाकारलेली संग्रहालयाची झोपडी ही चित्रपटातल्या घराची प्रतिकृती असून मूळ घराचे अवशेष गॉलवे काउंटीत माम गावाच्या बाजूला आहेत. मार्गदर्शकाने हे आपणहून सांगायला हवे होते. पैसे देऊन आलेल्या माणसाला आपण अस्सल काय पाहतो आणि नक्कल काय, हे कळणे त्याच्या हक्काचे आहे.

मठाला जेमतेम पंधरा मिनिटे मिळाली. येथे सातव्या शतकात संत फेहिन यांनी मठ स्थापन केला अशी परंपरा आहे. आज दिसणारे अवशेष बाराव्या-तेराव्या शतकांच्या संधिकाळातील ऑगस्टिनियन (संत ऑगस्टीन यांच्या नियमाने चालणाऱ्या भिक्षूंच्या) मठाचे आहेत. त्याआधी मठाला राजाश्रय दिला तो पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनाक्टचा राजा टरलॉक ओ’कॉनर याने. त्याचा मुलगा रोरी हा आयर्लंडचा शेवटचा महाराजा. इंग्लंडहून चालून आलेल्या नॉर्मनांपुढे सत्ता ढासळल्यावर 1183 मध्ये तो याच मठात निवृत्त झाला आणि 1198 मध्ये येथेच वारला. एका राज्यव्यवस्थेचा अस्त या छप्पर नसलेल्या भिंतींच्या आत झाला, हे ठाऊक असेल तर दरवाजांच्या कमानींवरील बारीक कोरीवकामाकडे माणूस निराळ्या नजरेने पाहतो. टरलॉकने 1123 मध्ये घडवून घेतलेला प्रसिद्ध ‘काँगचा क्रूस’ मात्र येथे नाही, तो डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्यांना डब्लिनला जायचे आहे त्यांना हे येथेच सांगितले असते, तर दोन्ही ठिकाणांचा धागा जुळला असता.

मठामागे पूल ओलांडण्याआधी नदीत एक दगडी खोली उभी आहे, ती भिक्षूंची मासेमारीची जागा. खाली छोट्या कमानीतून पाणी वाहते, जमिनीत चौकोनी भोक ठेवलेले आहे आणि एका भिंतीत चूल. त्या भोकातून जाळे सोडायचे, मासा लागला की मठाच्या स्वयंपाकघरात दोरीने घंटा वाजायची, असे सांगतात. दोरीची कथा खरी असो वा नसो, थंडीच्या दिवसांत शेकत बसून मासे पकडण्याची सोय भिक्षूंनी केली होती, हे मात्र चुलीकडे पाहताच पटते. संपूर्ण गावात मला सर्वाधिक आवडलेली ही वास्तू आमच्यापैकी निम्म्या लोकांनी पाहिलीच नाही, कारण बसचा भोंगा वाजला होता.

काँगचा कधीच वापरात न आलेला कोरडा कालवा तर सहलीच्या आराखड्यातच नव्हता. तो नंतर भाड्याच्या गाडीने जाऊन पाहिला. दोन्ही सरोवरे जोडून बोटींची वाहतूक सुरू करावी, आणि आयर्लंडमधल्या 1840 च्या दशकातील महादुष्काळाने कंगाल झालेल्यांना मजुरीही मिळावी, या हेतूने 1848 मध्ये खोदकाम सुरू झाले आणि 1854 मध्ये थांबवण्यात आले. तोवर रेल्वे पसरत होती, खर्च वाढत होता, आणि सच्छिद्र चुनखडीत पाणी टिकत नव्हते. नीट घडवलेल्या दगडांचे बांधीव काठ आजही जागच्या जागी आहेत, तळाला उन्हाळ्यात गवत असते. अर्धपोटी माणसांनी उपसलेल्या या चराबद्दल बसमध्ये दोन वाक्ये सांगितली असती तरी पुरे होते.

अॅशफर्ड किल्ल्याचे दर्शन बसच्या खिडकीतूनच घडले, आणि त्याची फारशी खंत वाटली नाही. 1228 पासूनचा इतिहास सांगणारी, 1852 मध्ये गिनेस घराण्याने विकत घेऊन वाढवलेली आणि 1939 पासून हॉटेल असलेली ही वास्तू देखणी आहे, पण पाहुण्यांसाठी राखलेली आहे. मठाला मात्र प्रवेशशुल्क नाही.

कॉनेमाराचे डोंगर आणि सरोवरे एका दिवसात पाहायची असतील, तर ही सहल जरूर घ्यावी. त्या बाबतीत ती पैसे वसूल करते. ज्यांचे खरे लक्ष काँगवर आहे त्यांनी स्वतःची गाडी करावी, सकाळी बस येण्यापूर्वी मठ आणि मासेमारीची खोली पाहून घ्यावी, कालव्याला शेवटी जावे आणि पायांत पाणी न शिरणारे बूट घालावेत, कारण पावसानंतर तिथली गवताळ वाट चिखलाची होते.