मलेरियाची स्वस्तातली कार्डं घेऊन फसलोय, लॅबवाल्यांनो जरा वाचा

शाहूपुरीत माझी छोटी लॅब आहे. ऑगस्टमध्ये तापाचे पेशंट वाढले आणि मलेरियाची कार्डं (रक्ताचा थेंब टाकला की लाईनी उमटणारी झटपट टेस्ट) संपत आली, नेमका तेव्हाच एक सेल्समन आला, "दादा, पीएफ-पॅन कार्ड निम्म्या रेटला देतो, बिल मागनं पाठवतो". पीएफ म्हणजे फॅल्सिपेरम मलेरियाची लाईन, पॅन म्हणजे कुठल्याही मलेरियाची. ५० घेतली. बिल आजपर्यंत आलं नाही.

मुंबईला सेंट्रिंगच्या कामावर असलेला एक पोरगा गावाकडं आलता, एक दिवसाआड थंडी वाजून ताप. कार्डावर फक्त सी लाईन (कंट्रोलची, मलेरिया नसला तरी येते ती), मी निगेटिव्ह रिपोर्ट दिला. चार दिवसांनी त्याची आई त्याला धरून घेऊन आली, ओठ पांढरे, धड उभं राहवत नव्हतं. लगेच स्लाईड केली (काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली बघितलं) तर फुगलेल्या तांबड्या पेशी आणि आत वेडेवाकडे पसरलेले पॅरासाईट, सरळ सरळ व्हायवॅक्स मलेरिया, म्हणजे पॅन लाईन यायलाच हवी होती. तेच रक्त परत कार्डावर टाकलं, परत नुसती सी.

आमच्या कार्डात पॅन लाईनवरची अँटीबॉडी जंतूचं एलडीएच एन्झाईम पकडते. एलडीएच आपल्या तांबड्या पेशींत पण भरपूर असतं, पण जंतूच्या एलडीएचची बांधणी वेगळी, म्हणून चांगली अँटीबॉडी आपलं सोडून त्याचंच धरते. सी लाईन एवढंच सांगते की पट्टीवर रक्त आणि बफर (रक्तावर टाकायचं किटमधलं द्रावण) नीट पुढं सरकलं, पॅनची अँटीबॉडी चांगली आहे का खराब ते त्यातनं कळतच नाही, आणि मी नेमका त्याच लाईनीवर विसंबलो.

मग स्वतःचं बोट टोचून बघितलं तर पॅनवर फिकट लाईन! मला ताप नाही, माझी स्लाईड स्वच्छ. तेव्हा कुठं डबा नीट बघितला. एक्सपायरीवरचं स्टिकर नखानं उचकटलं, खाली गेल्या वर्षीची तारीख. बफरच्या बाटलीवर लॉट (बॅच) नंबरच नाही, आणि दुसऱ्याच किटचं बफर वापरलं तर खोट्या लाईनी येऊ शकतात. सेल्समनचा फोन बंद.

डबा, पाऊच, बफर तिन्हीवरचे नंबर जुळवून बघा, बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, नवीन लॉट आला की पॉझिटिव्ह ठरलेल्या एका आणि निरोगी एका रक्तावर लावून बघा, आणि थंडी-तापाचा पेशंट असेल तर कार्ड काहीही म्हणू दे, स्लाईड कराच.

पोराला डॉक्टरांनी क्लोरोक्विन आणि १४ दिवसांचं प्रायमाक्विन चालू केलंय, आता बरा आहे. त्या कार्डांवर तपासलेल्या बाकी १९ जणांना फोन करून परत बोलावतोय, स्लाईड फुकट करून देतोय. दोघं अजून फोन उचलत नाहीत, उद्या त्यांच्या घरी जाणार आहे.