पंच प्रशिक्षण शिबिर आणि दोरीपलीकडचे हात

शालेय सॉफ्टबॉलच्या (बेसबॉलसारख्या खेळाच्या) सामन्यांत गेली अकरा वर्षे पंचगिरी करताना माझ्यासमोर जे वाद चिघळले, त्यांतील बहुतेकांचे मूळ खेळाशी काडीचाही संबंध नसलेल्या कोणात तरी होते. कधी भटके कुत्रे, कधी शेजारच्या क्रिकेटचा चेंडू, तर कधी भाचीचा फटका जवळून पाहायला मिळावा म्हणून दोरी ओलांडून आलेले मामा. म्हणूनच गेल्या महिन्यात 800 रुपये भरून दोन दिवसांच्या पंच प्रशिक्षण शिबिरास नाव नोंदविले, ते मुख्यत्वे दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवलेल्या ‘बाहेरचा अडथळा’ या सत्रासाठी.

पहिल्या दिवसाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. गणवेश, हातांचे इशारे, स्ट्राइक झोन, सगळे रीतसर झाले आणि ज्याने दोन हंगाम पंचगिरी केली आहे त्याला त्यात नवे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मात्र प्रशिक्षकांनी सर्वांना वर्गातून उठवून मैदानावर नेले, पहिल्या बेसच्या (धाव घेताना गाठायच्या पहिल्या टप्प्याच्या) बाहेर फाऊल लाइनला, म्हणजे वैध फटक्याची हद्द आखणाऱ्या रेषेला, समांतर दोरी बांधली, तिच्यामागे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि आमच्यातल्याच तिघांना प्रेक्षक म्हणून बसविले. उंच उडालेला चेंडू झेलण्यासाठी क्षेत्ररक्षक दोरीपाशी पोहोचला असताना प्रेक्षकाने मैदानाच्या बाजूस हात घालून झेल हुकविला, तर चेंडू डेड होतो, म्हणजे खेळ तिथेच थांबतो, बॅटर आउट ठरतो आणि अडथळा झाला नसता तर उरलेले रनर (बेसवरून धावणारे खेळाडू) कुठे पोहोचले असते, याचा अंदाज घेऊन पंच त्यांना बेस देतात. क्षेत्ररक्षकानेच दोरीपलीकडे प्रेक्षकांत हात घातला असेल, तर मात्र तो आपल्या जोखमीवर गेला. तिथे अडथळा धरला जात नाही. म्हणजे सारा निकाल वीतभर अंतरावर अवलंबून असतो. हे वाचून कोणालाही समजते. परंतु प्रत्यक्षात नजर चेंडूमागे जाते आणि दोरी दिसतच नाही. प्रशिक्षकांनी प्रत्येकाकडून हा प्रसंग सहा-सहा वेळा करून घेतला आणि दोरीच्या रेषेत उभे राहून हात व दोरी एकाच नजरेत कसे ठेवायचे, ते पाय सरकवून दाखविले. सहापैकी दोन वेळा मी चुकलो, आणि दोन्ही वेळा मान वर होती.

येथेच त्यांनी बेसबॉलमधील 1996 च्या अमेरिकन लीग विजेतेपद मालिकेतील पहिल्या सामन्याचे उदाहरण दिले. आठव्या डावात यांकीज संघाच्या डेरेक जीटरच्या फटक्यावर बारा वर्षांच्या एका मुलाने कुंपणावरून हात घालून चेंडू आत ओढला, पंच रिच गार्सिया यांनी होमरन (कुंपणापार गेलेला, बॅटरला थेट धाव देणारा फटका) दिली, 4-4 अशी बरोबरी झाली आणि पुढे यांकीज संघाने तो सामना अकराव्या डावात जिंकला. चित्रफीत पाहिल्यावर गार्सिया यांनी प्रेक्षकाचा अडथळा झाल्याचे मान्य केले, तरी झेल घेतला गेला असता असे त्यांना वाटत नव्हते.

फेकलेला चेंडू तिऱ्हाइताला किंवा बाहेरच्या वस्तूला लागला तर काय करायचे, हा भागही उत्तम झाला. चेंडू डेड करून रनरना दोन बेस द्यायचे असतात. पण ते मोजायचे चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातातून सुटला त्या क्षणापासून, आणि नेमके तेच कोणी पाहून ठेवलेले नसते. याउलट फलंदाजी करणाऱ्या संघाची इतस्ततः पडलेली बॅट आड आली आणि त्यामुळे एखाद्या रनरला बाद करण्याची संधी हुकली, तर त्या रनरलाच आउट द्यावे लागते. दोन्ही हात वर, मोठ्याने ‘डेड बॉल’, मग रनर कुठे होते त्याची सोबतच्या पंचाशी पडताळणी आणि त्यानंतरच निर्णय, हा क्रम त्यांनी आमच्या अंगवळणी पाडला.

तक्रारी दोन आहेत. टिपणे केवळ इंग्रजीत आणि झेरॉक्सही पुसट होती. आमच्यातील निम्मे जण मराठी माध्यमाचे क्रीडाशिक्षक असताना एवढी कसर ठेवायला नको होती. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. आपल्याकडे एकाच मैदानावर तीन खेळ चालतात, फक्कीची रेघ दुपारपर्यंत टिकत नाही. अशा ठिकाणी सामन्यापूर्वी होम प्लेटपाशी (बॅटर जिथून खेळतो तिथे) दोन्ही प्रशिक्षकांना बोलावून झाड, दोरी, शेजारची खेळपट्टी यांबाबत मैदानाचे नियम ठरविणे हेच अर्धे काम असते. त्याला शेवटची दहा मिनिटे मिळाली, तीही लोक पिशव्या आवरत असताना.

मी ती दहा मिनिटे लिहून घेतली होती. आठच दिवसांनी सतरा वर्षांखालील मुलींच्या सामन्यात पिचर चेंडू टाकणार इतक्यात शेजारचा टेनिस बॉल दुसऱ्या बेसपाशी घरंगळत आला. मी लगेच ‘टाइम’ दिला. तोपर्यंत चेंडू सुटला आणि बॅटरने तो थेट डाव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून मारला. फटका रद्द झाला. तिचे प्रशिक्षक तरातरा निघाले. पण सकाळी होम प्लेटपाशी आम्ही हेच ठरविले होते, ते बहुधा त्यांना आठवले असावे, कारण ते अर्ध्या वाटेवरून परत फिरले.

नवख्या पंचांनी दोन्ही दिवस जावे. अनुभवी पंचांना दुसरा दिवस पुरेसा आहे. मात्र एकाच दिवसासाठी आले तरी शुल्क कमी होत नाही.