वाफेचा थर की डुबकीचा थर?

ओएलईडी म्हणजे वीज दिली की उजळणारे सेंद्रिय थर, टीव्ही-फोनच्या पडद्यांत असतात तसे. त्यासाठी धातू-सेंद्रिय पदार्थाचा थर लावायच्या दोन तऱ्हा. पहिली सरळ: निर्वातात पदार्थ तापवायचा, वाफ काचेवर बसू द्यायची. कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये अशाच रीतीने अ‍ॅल्युमिनियम-क्विनोलिनचा (क्विनोलिन म्हणजे इथे धातूला पकडणारा सेंद्रिय रेणू) थर चढवून 10 व्होल्टच्या आत हिरवा उजेड पाडला. जाडी क्वार्ट्झच्या स्फटिकावर मोजत जायची, हवी तेवढी झाली की झडप बंद. शुद्धता उत्तम. पण बरीचशी वाफ भांड्याच्या भिंतींवरच वाया जाते, शिवाय सुटे रेणू उष्णतेने, ओलाव्याने हळूहळू स्फटिक बनतात.

दुसऱ्या तऱ्हेत थर जागेवरच विणला जातो. एकमेकांना जोडलेल्या दोन क्विनोलिनांचा रेणू घ्यायचा. त्याला दोन्ही टोकांनी धातू पकडता येतो. काच आधी डायएथिल झिंक या जस्ताच्या संयुगाच्या द्रावणात, मग धुवायची, मग या रेणूच्या द्रावणात, पुन्हा धुवायची. जस्त रेणूला धरते, इथेन वायू सुटतो आणि साखळी एका कडीने वाढते. असा पॉलिमर बाहेर बनवला तर तो ना नीट विरघळत, ना वाफ होत. म्हणून हा खटाटोप. भट्टी लागत नाही, जाडी डुबक्या मोजून ठरते. मात्र डायएथिल झिंक हवेत आपोआप पेटते, त्यामुळे सगळे काम नायट्रोजनच्या पेटीत. आणि शंभर नॅनोमीटर गाठायचे तर डुबक्यांना अंतच नाही!

पडदे बनवायचे असतील तर मी बिनदिक्कत वाफच निवडेन. दोन धातूंच्या थरांचा क्रम रेणूगणिक बदलून पाहायचा असेल, तर डुबकी.