जिवंत कुंपणासाठी देशी झुडपे : साताऱ्याजवळच्या एका रोपवाटिकेचा अनुभव

माण तालुक्यातील आमच्या माळाच्या रानाला तारेऐवजी जिवंत कुंपण करावे, या विचाराने साताऱ्याच्या पूर्वेकडील एका रोपवाटिकेतून जखमी, तरवड, करवंद आणि हेंकळ यांची रोपे आणली होती. ती आता कमरेएवढी झाली असल्याने त्यांच्याविषयी खात्रीने लिहिता येते. रोपे निरोगी होती, दर वाजवी होता आणि गाडीत भरताना एकही पिशवी फुटू दिली नाही. मात्र याच रोपवाटिकेत विकल्या जाणाऱ्या दोन गोष्टींबद्दल माझी गंभीर हरकत आहे आणि तिची कारणे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

आधी जखमीविषयी, कारण तिच्यासाठीच ही रोपवाटिका पाहण्यासारखी आहे. तिचे कोवळे पान चिमटीत धरले की बोटांना चिकटते, कारण त्यावर राळेचा चकचकीत लेप असतो. शेळ्या या पानाला सहसा तोंड लावत नाहीत आणि कुंपणाच्या झुडपाला याहून मोठा गुण नाही. फळ कागदासारखे पातळ, पंख फुटलेले, पिकताना लालसर होणारे. आतल्या बारीक काळ्या बीचे कवच इतके टणक असते की पाणी सहजी आत शिरत नाही. "दादा, नुसतं पेरलं तर वाट बघत बसाल, कढत पाण्यात टाका आन् रात्रभर तसंच राहू द्या," असे तिथल्या मावशींनी मला न विचारता सांगितले आणि मूठभर बी वेगळे बांधून दिले. गिऱ्हाईक पुढे स्वतः रोपे करील याची भीती न बाळगणारा विक्रेता विरळाच.

हीच जखमी हवाई बेटांच्या सखल, कोरड्या झुडपी रानातील एक प्रमुख वनस्पती आहे. तिथे तिला आआलिई म्हणतात. तिच्या सोबतीला तिथेही आपली कुसळी असते, जिने पूर्वी घरे शाकारली जात. यात नवल वाटू नये, कारण महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माणला जेमतेम पाचशे, हा जो पर्जन्यछायेचा खेळ आपण पाहतो, तोच त्या बेटांवर आणखी टोकाला गेलेला असतो: वाऱ्याकडील डोंगर चिंब भिजतात आणि आडोशाच्या कवाइहाएसारख्या किनाऱ्यावर वर्षाला अडीचशे मिलिमीटरही पडत नाही. अशा जागी उंच जंगलापेक्षा खुरट्या झुडपांचे रानच माती धरून ठेवते. काहोओलावे बेटावर शेळ्यामेंढ्यांनी हे आवरण खाऊन टाकले, वरची माती वाऱ्याने आणि पाण्याने समुद्रात गेली, आणि आता तिथे पुन्हा जखमी आणि कुसळी लावून जमीन सावरण्याचे काम चालू आहे. कासच्या फुलांसाठी गर्दी करणारे आपण माण-खटावच्या झुडपी माळाला मात्र 'पडीक' म्हणून मोकळे होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता हरकत. रोपवाटिकेच्या दर्शनी भागात शोभेचे फाउंटन गवत आणि मागे चाऱ्यासाठी सुबाभूळ ठेवलेली आहे. सुबाभूळ हवाईच्या सखल भागात इतकी माजली आहे की मूळ झुडपांना मोकळी जागा उरलेली नाही. फाउंटन गवतही तिथे बागेसाठीच नेले होते. ते झुडपांमधल्या उघड्या जमिनीत शिरते, वाळते, पेट घेते आणि जळाल्यावर झुडपांच्या आधी स्वतः उगवते, त्यामुळे प्रत्येक आगीनंतर गवत वाढते आणि रान घटते. माउई बेटावरील लहैना परिसरातील साखर कारखाना १९९९ मध्ये बंद पडला, उसाची शिवारे ओस पडली आणि गिनी गवतासारख्या परक्या गवतांनी ती व्यापली. ऑगस्ट २०२३ च्या वादळी वाऱ्यात त्याच वाळक्या गवतातून पसरलेल्या आगीने शंभरावर माणसांचा बळी घेतला. दर उन्हाळ्यात वणवे पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्यात, कोणतीही सूचना न देता हे गवत विकणे मला मान्य नाही. शोभेची म्हणून जगभर फिरवलेली घाणेरी आपल्या डोंगरांवर काय करून बसली आहे, ते आपण रोज पाहतोच. मी हे मालकांशी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पण गवताला मागणी असल्याचे सांगितले.

बाकी तक्रार एवढीच की करवंदाच्या काही रोपांची मुळे पिशवीच्या तळाशी गुंडाळलेली निघाली, ती लावताना कापावी लागली. हेंकळ सावकाश वाढते, तेव्हा घाई असणाऱ्यांनी तरवड आणि जखमी आलटूनपालटून लावावीत. जखमीची रोपे पहिल्या पावसाबरोबर संपतात. मे महिन्यातच सांगून ठेवावे आणि सोबत बी आवर्जून मागावे.