टाचेमागची शीर, कोलॅजन पेप्टाइड आणि जिन्याची पायरी : सात महिन्यांचा अनुभव

सातारा हिल मॅरेथॉनच्या तयारीत यवतेश्वरच्या घाटात चढ जरा जास्तच ओढला आणि डाव्या टाचेमागची शीर धरली. आपण शीर म्हणतो, खरं तर ती पोटरीला टाचेशी बांधणारी कंडरा. टाचेच्या हाडापासून दोन-तीन बोटं वर गाठीसारखी सूज होती. सकाळी उठून चहाचं आधण ठेवायला ओट्यापर्यंत जायचं, तर भिंत धरावी लागे. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. शीर तुटलेली नाही, जाड झाली आहे, असं सांगून त्यांनी फिजिओकडे पाठवलं.

कोलॅजन म्हणजे शीर, कातडी यांना बळकटी देणारं प्रथिन आणि पेप्टाइड म्हणजे त्याचे बारीक तुकडे. या कोलॅजन पेप्टाइडची पावडर मी तेव्हाच सुरू केली. रोज 15 ग्रॅम, लिंबूपाण्यातून, व्यायामाच्या तासभर आधी. हे काही मनाचं नाही. 2017 सालच्या एका अभ्यासात आठ तरुणांना जिलेटिन (कोलॅजनचंच एक रूप) आणि क जीवनसत्त्व देऊन तासाभराने सहा मिनिटं दोरीच्या उड्या मारायला लावल्या होत्या. 15 ग्रॅम घेतलेल्यांच्या रक्तात नवं कोलॅजन तयार होत असल्याची खूण दुपटीने वाढली. पण माणसं आठच, आणि तीही धडधाकट. दुखरी शीर बरी होते, असं त्यातून सिद्ध होत नाही. पावडर घेणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं.

माझी पावडर माशाची आहे. वास येतो. गार पाण्यात गुठळ्या होतात, म्हणून आधी दोन चमचे कोमट पाण्यात ती घोटून घ्यायची. शाकाहारी लोकांनी एवढं बघावं, की कोलॅजन प्राण्यांपासूनच मिळतं. ‘व्हेज कोलॅजन’ लिहिलेल्या डब्यांत सहसा ते तयार व्हायला मदत करणारे घटक असतात. आणि हे पूर्ण प्रथिन नाही, त्यात ट्रिप्टोफॅन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) नसतं. त्यामुळे डाळ, उसळ, अंडी कमी करून चालत नाही.

आता पायरीवरच्या व्यायामाबद्दल. स्वीडनचे डॉक्टर अल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये पंधरा हौशी खेळाडूंवर ही पद्धत वापरली होती. पायरीच्या कडेवर चवडे टेकायचे, चांगल्या पायाने वर जायचं आणि सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश खाली सोडायची. पंधराचे तीन संच गुडघा ताठ ठेवून, तीन गुडघा किंचित वाकवून, सकाळ-संध्याकाळ. दिवसाला 180 वेळा, बारा आठवडे. पहिले तीन आठवडे दुखतं, आणि नेमकं तिथेच माणसं सोडून देतात. मला फिजिओने नियम घालून दिला होता : दुखणं दहापैकी पाचच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते शमलं पाहिजे. मी वहीत रोज आकडा लिहीत गेले. सहाव्या आठवड्यात नुसत्या वजनाचं काही वाटेना, तेव्हा पाठीवरच्या सॅकमध्ये ज्वारी भरली. आधी दोन किलो, मग पाच. अकराव्या आठवड्यात एका सकाळी चहा उकळेपर्यंत लक्षातच आलं नाही, की आज भिंत धरली नाही. तिथेच उभी राहून रडले.

मधल्या काळात ओळखीच्या एका जिममध्ये बीपीसी-157 चं इंजेक्शन सुचवलं गेलं. ‘पंधरा दिवसांत पळायला लागाल ताई.’ छोटी काचेची कुपी, तळाशी पांढरी भुकटी, आणि लेबलवर बारीक अक्षरात ‘फक्त संशोधनासाठी’. हे पंधरा अमिनो आम्लांचं पेप्टाइड आहे. त्यावरचं बहुतेक काम उंदरांवर झालेलं आहे, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्याला औषध म्हणून मान्यता दिलेली नाही आणि 2022 पासून ते ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे. कुपीत नेमकं काय आहे, ते निर्जंतुक आहे का, हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं. मी नाही म्हटलं. तुम्हीही नाही म्हणा, ही हात जोडून विनंती.

झोपेचंही सांगते. पेपर तपासत बारा वाजायचे, ते साडेदहावर आणलं. कमी झोपेच्या दुसऱ्या सकाळी वहीतला आकडा हमखास चढलेला दिसे.

आज मी आठवड्यातून तीनदा धावते, सलग बारा किलोमीटरपर्यंत. गाठ हाताला अजून लागते, दुखत नाही. यात पावडरीचा वाटा किती, हे सांगता येत नाही, कारण दोन्ही एकदमच सुरू केलं होतं. महिन्याला दीड हजार जात होते. हाताशी तेवढे पैसे नसतील तर ते फिजिओला द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. पाकीट गेल्या आठवड्यात संपलं. पुढचे दोन महिने पावडरीशिवाय पायऱ्या करून बघणार आहे, वही चालूच आहे.